तिसरं पेडल आणि 'पण फायदा काय?'

मी माझ्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स काढला आणि त्या जागी मॅन्युअल बसवला. घराच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवार गाठून, पाच आठवड्यांत. ही गोष्ट ज्या ज्या मराठी माणसाला सांगितली त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला : "पण फायदा काय?" आईनं विचारला, मामानं विचारला, कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर त्याचा पोलच निघाला. एकानं पुढे जोडलं, "अख्खं जग मॅन्युअल विकून ऑटोमॅटिक घेतंय आणि तू उलटी गंगा वाहवतोयस."

उलटी गंगा मान्य. तो प्रश्न मात्र मान्य नाही, आणि हा लेख त्या प्रश्नाविरुद्ध आहे.

'फायदा काय?' हा प्रश्न दिसायला व्यवहारी आहे. पण त्याच्या पोटात एक गृहीतक लपलेलं आहे. विकत घेतलेल्या वस्तूशी आपलं नातं दोनच गोष्टींचं : वापरणं आणि एक दिवस विकणं. ती उघडणं, समजून घेणं, आपल्याला हवी तशी बदलणं हे आपलं काम नाही, ते 'त्यांचं' काम. हे गृहीतक कंपन्यांना हवंहवंसं आहे, सरकारांना सोयीचं आहे आणि आपल्या मध्यमवर्गाला प्रतिष्ठेचं वाटतं. म्हणून मला तिघांशीही भांडायचंय.

आधी हिशेबच करू

प्रश्न टाळतोय असं वाटायला नको, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

मी मिशिगनमध्ये राहतो आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. गाडी २००३ सालची, एका जर्मन कंपनीची सेडान. अमेरिकेत वीस-बावीस वर्षं जुनी जर्मन गाडी ही श्रीमंतीची खूण नसते. नवी गाडी परवडत नाही पण चालवण्याची हौस आहे, अशा माणसाची ती खूण असते. इतक्या वर्षांनंतर तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थकला होता. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी विचार करत बसायची. एका गॅरेजनं तो खोलून पुन्हा बांधायचे ४,२०० डॉलर सांगितले. गाडीची बाजारातली किंमत ३,००० डॉलर.

भंगारातल्या तशाच एका गाडीचा मॅन्युअल गिअरबॉक्स ६०० डॉलरला मिळाला. फ्लायव्हील आणि क्लचचा संच ५५०. पेडल, क्लचचे सिलिंडर, प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरच्या दांड्याचं सामान ४५०. तेल, सील, नवे बोल्ट आणि किरकोळ २००. एकूण १,८००. गॅरेजच्या आकड्यापेक्षा २,४०० डॉलर कमी. घ्या, हा फायदा.

पण मला माहितीये, समोरचा लगेच म्हणेल, "तुझे तास धर की." धरतो. साधारण ९० तास गेले. माझ्या पगाराच्या दरानं ते मोजले तर हा धंदा साफ तोट्यात आहे. मात्र मग हा दर सगळीकडेच लावा. रविवारी टेकडीवर क्रिकेट खेळणाऱ्याचे तास मोजा. विकतची मिळत असताना घरी पुरणपोळी करणाऱ्या आजीचे तास मोजा. हरिश्चंद्रगडावर चालत जाणाऱ्याला 'फायदा काय' असं कोणी विचारत नाही, उलट त्याच्या फोटोखाली बदाम टाकतात. घाम गाळून डोंगर चढणं हा छंद, आणि घाम गाळून गाडीखाली झोपणं हा वेडेपणा? हा फरक तासांचा नाही. हा फरक हात कशानं माखले याचा आहे. त्यावर पुढे येतोच.

मॅन्युअलवाल्यांनो, टाळ्या थांबवा

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील. 'खरा ड्रायव्हर क्लच दाबतो' असं स्टेटस ठेवणारे, बायकोला किंवा बहिणीला 'तुला ऑटोमॅटिकच बरी' असं म्हणणारे. मी तुमच्या बाजूचा नाही.

ऑटोमॅटिक ही माणसाला मिळालेली मोठी सोय आहे. डाव्या पायात ताकद नसलेला माणूस, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली बाई, सिंहगड रोडवर संध्याकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर अडकणारा कोणीही, यांच्यासाठी ती उपकारच आहे. २०१४ साली मारुतीनं सेलेरिओमध्ये एएमटी आणली आणि क्लच न दाबता गाडी चालवणं साध्या पगारदाराच्या आवाक्यात आलं. गंमत म्हणजे एएमटी आतून मॅन्युअलच असते. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी यंत्र करतं, इतकंच. कामगिरी म्हणाल तर आजचा चांगला आठ किंवा दहा गिअरचा ऑटोमॅटिक माझ्यापेक्षा लवकर गिअर बदलतो आणि बहुतेक वेळा पेट्रोलही कमी पितो. तिथं वाद घालण्यात अर्थ नाही.

या सगळ्या मर्दानी बढाईला इतिहासानंच एक छान टपली मारून ठेवली आहे. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गिअर खडखड न करता पडतो तो सिंक्रोमेशमुळे. ती युक्ती अर्ल थॉम्पसन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची, १९२८ मध्ये कॅडिलॅकमधून ती बाजारात आली. त्याच थॉम्पसनच्या नेतृत्वाखाली पुढे जनरल मोटर्सच्या चमूनं हायड्रामॅटिक तयार केला, आणि १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून तो लोकांना मिळाला. मोठ्या संख्येनं विकला गेलेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. म्हणजे तुमचं मॅन्युअल सुसह्य करणारा आणि ऑटोमॅटिक घरोघरी नेणारा माणूस एकच. त्याला दोन्हींत भांडण दिसलं नाही. दोन्हीकडे त्याला एकच प्रश्न दिसला : गिअर बदलताना माणसाला होणारा त्रास कमी कसा करायचा?

तेव्हा माझं म्हणणं मॅन्युअल श्रेष्ठ असं अजिबात नाही. माझ्या गाडीत कोणता गिअरबॉक्स असावा हे मी ठरवू शकतो की नाही, एवढाच मुद्दा आहे. कोणी उद्या मॅन्युअल काढून ऑटोमॅटिक बसवला तरी मी पाना धरायला जाईन.

काम नेमकं काय असतं

लोकांना वाटतं, गिअरबॉक्स बदलणं म्हणजे गाडी कापून जोडणं. ज्या गाड्या कंपनीनं दोन्ही प्रकारांत विकल्या, त्यांच्याबाबतीत हे बऱ्याच अंशी खोटं आहे.

कारखान्यात एकाच साच्यातून सांगाडे येतात. त्याच सांगाड्यात कुठे ऑटोमॅटिक बसतो, कुठे मॅन्युअल. माझ्या गाडीत क्लचचं पेडल नव्हतं, पण ते टांगायची जागा होती. क्लचला लागणारं तेल ब्रेकच्याच डबीतून येतं. त्या डबीला क्लचच्या नळीसाठी तोटीही होती, फक्त तोंड बंद केलेलं. ते सगळं वीस वर्षं वाट बघत बसलं होतं म्हणा ना. मी गाडीत काही घुसडलं नाही. कारखान्याच्या यादीतला दुसरा पर्याय निवडला, फक्त वीस वर्षं उशिरा.

काम क्रमानं असं होतं. गाडी चार जॅक स्टँडवर उचलून घ्यायची, आणि ती हलत नाही याची हजारदा खात्री करायची. एक्झॉस्ट आणि प्रोपेलर शाफ्ट उतरवायचा. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या तेलभरल्या भांड्यातून पुढे जाते. ते भांडं इंजिनमागच्या पातळ चकतीला बोल्टनं धरलेलं असतं. इंजिन हातानं फिरवत एकेक बोल्ट भोकासमोर आणायचा आणि काढायचा. मग सत्तर-ऐंशी किलोचं ते धूड ट्रान्समिशन जॅकवर घेऊन हळूहळू खाली. तेल थंड करायला रेडिएटरकडे गेलेल्या नळ्या काढून त्यांची तोंडं बंद करायची.

मग त्या पातळ चकतीच्या जागी जाडजूड फ्लायव्हील. क्रँकशाफ्टच्या टोकाला एक छोटं पायलट बेअरिंग. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, आणि नवा गिअरबॉक्स, जुन्यापेक्षा बराच हलका. आत ब्रेकचं रुंद पेडल काढून अरुंद पेडल आणि शेजारी क्लच. प्रोपेलर शाफ्ट वेगळ्या लांबीचा. शेवटी क्लचच्या तेलातली हवा काढायची.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून बघितलात तर आत तेलाच्या वाटांचा भूलभुलैया दिसतो : झडपा, ग्रहमालेसारखे फिरणारे गिअर, एकावर एक रचलेल्या क्लचच्या चकत्या. मॅन्युअल उघडला तर शाफ्ट, गिअर, सिंक्रोनायझर आणि ते सरकवणारे फोर्क. शाळकरी मुलालाही अर्ध्या तासात समजावून सांगता येईल असं यंत्र. मी अवघड यंत्र काढून सोपं बसवलं. साधी अवजारं, कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल आणि धीर एवढ्यावर ते झालं. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मला माझी गाडी पहिल्यांदा आतून कळली. 'फायदा काय'च्या रकान्यात हे कुठे लिहायचं ते मला कोणी सांगावं.

पहिलं कुलूप : सॉफ्टवेअर

सगळं जोडून झाल्यावर किल्ली फिरवली तर गाडी सुरू होत नाही. ती तशी होणारच नसते. ऑटोमॅटिक गाडी दांडा पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टरला वीज देत नाही. तो दांडा आणि त्याचा स्विच तर आपण काढून टाकलेला. तेव्हा वायरिंगच्या नकाशात बघून ती जोडणी पूर्ण करावी लागते. रिव्हर्सचा दिवाही जुन्या स्विचवर असतो, तो नव्या गिअरबॉक्सच्या स्विचवर न्यावा लागतो.

त्यानंतर माझ्या रोजच्या धंद्यातली गोष्ट येते. इंजिनचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी सतत बोलत असतो : कोणता गिअर, तेल किती तापलंय, आता बदलू का? पलीकडचा कॉम्प्युटर गाडीतून गेला की इकडे हाकांना ओ येत नाही आणि डॅशबोर्डवर दिवे लागतात. उपाय साधा आहे. गाडीच्या साठवलेल्या माहितीत 'ऑटोमॅटिक' अशी नोंद असते. जुना लॅपटॉप आणि एक डायग्नॉस्टिक केबल घेऊन ती बदलायची आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला मॅन्युअलचं सॉफ्टवेअर द्यायचं. कंपनीनं दोन्ही प्रकार विकले होते, त्यामुळे ते सॉफ्टवेअर होतंच. वीस मिनिटांचं काम.

या वीस मिनिटांसाठीच हा लेख लिहायला घेतला. कारण २००३च्या गाडीत जे वीस मिनिटांत झालं, ते आजच्या अनेक गाड्यांत मालकाला करूच दिलं जात नाही. नटबोल्ट तेच आहेत, पाने तेच आहेत. दार बंद झालंय ते सॉफ्टवेअरनं. कॉम्प्युटरांमधलं बोलणं कुलूपबंद, बदललेला भाग कंपनीच्या सर्व्हरनं ओळखल्याशिवाय चालू न होणारा, आणि किल्ली कंपनीच्या खिशात.

या कुलपाची पुढची पायरीही आपण पाहिली आहे. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूनं काही देशांत सीट गरम करण्याच्या सोयीचं महिन्याला भाडं लावलं. हीटर गाडीत आधीच बसवलेला, पैसे फक्त तो चालू करू देण्याचे. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी कंपनी मागे हटली. त्याच २०२२ मध्ये मर्सिडीजनं अमेरिकेत आपल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांचा वेग वाढवून देण्यासाठी वर्षाला १,२०० डॉलरची योजना जाहीर केली. मोटर तीच, तारा त्याच. वेग तुमच्या दारातच उभा होता, फक्त त्याच्या गळ्यात साखळी.

कंपन्यांची बाजूही ऐकू. २०१५ साली दोन संशोधकांनी दूर बसून चालती जीप चेरोकी इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली, आणि क्रायस्लरला १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला. गाडीच्या कॉम्प्युटरला संरक्षण हवं, हे खरंच आहे. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, सुरक्षेचा मुद्दा मला कोणी शिकवू नये. पण घराला कुलूप लावलं की किल्ली घरमालकाला देतात. बिल्डर ती स्वतःकडे ठेवून 'चोरांच्या भीतीनं तुम्हाला देत नाही' असं म्हणाला, तर आपण त्याला काय म्हणू?

अमेरिकेत या प्रश्नावर लोक भांडले आहेत. डिजिटल कुलूप तोडणं हा १९९८च्या कॉपीराइट कायद्यानं गुन्हा ठरवला होता. २०१५ मध्ये गाडीमालकांना दुरुस्ती आणि कायदेशीर बदल यांसाठी त्यातून सूट मिळाली. ती सूटही कायमची नाही, दर तीन वर्षांनी पुन्हा मागावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ आणि पुन्हा २०२० मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर लोकांनी थेट मतदान केलं. दुसऱ्या वेळी जवळपास ७५ टक्के लोक हक्काच्या बाजूनं होते. इतकी मतं पडतात तेव्हा तो चार गाडीवेड्यांचा हट्ट उरत नाही.

दुसरं कुलूप : कायदा

आता घरी येऊ. हाच उद्योग मी सांगलीत केला असता तर?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. मालकानं गाडीत असा बदल करू नये की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळ उच्च न्यायालयाचा निकाल बाजूला सारून हे कलम कडकपणे वाचलं : कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. आता तुमचं आरसी काढून बघा. त्यात इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, इंधन, आसनं, रंग आहे. गिअरबॉक्सचा रकाना नाही. पण 'कंपनीनं दिलं त्याला हात लावायचा नाही' हा अर्थ एकदा लोकांच्या मनात बसला की रकाने कोण वाचतंय?

यामागची भीती समजते. बुलेटचे फटफटणारे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात तेव्हा मलाही बरं वाटतं. ज्याची झोप मोडते त्याचा हक्क चालवणाऱ्याच्या हौसेपेक्षा मोठा आहे. रस्त्यावर आपण एकटे नसतो. घरी बसवलेलं ब्रेकचं पेडल निघून हातात आलं तर मरणारा दुसराच कोणी असेल. म्हणून मला मिशिगनची रीतही पटत नाही. इथं खासगी गाड्यांची ठरावीक काळानं होणारी तपासणीच नाही. मी बसवलेला गिअरबॉक्स सरकारतर्फे कोणी पाहिला नाही, कोणी विचारलंही नाही. मला सोयीचं झालं, पण हे चुकीचं आहे.

एकीकडे 'काहीही कर', दुसरीकडे 'काहीच करू नकोस'. तिसरी वाट जर्मनीत आहे. तिथं गाडीत मोठा बदल केला की ती घेऊन ट्यूफसारख्या तपासणी संस्थेकडे जायचं. तिथला इंजिनिअर बदल तपासतो, ठीक असेल तर कागदपत्रांत नोंद होते, नसेल तर गाडी परत. राज्य तुम्हाला सांगतं, 'दाखव, तपासतो, लिहून देतो.' मालकाला हक्क आणि रस्त्यावरच्या इतरांना सुरक्षितता, दोन्ही मिळतं.

आपल्याला हे जमणार नाही असं म्हणू नका, आपण ते करतोच आहोत. पेट्रोल गाडीला मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद करता येते. वाहनं आणि त्यांचे भाग तपासून प्रमाणित करणारी एआरएआय पुण्यातच आहे. दाबाखालच्या वायूची टाकी डिकीत ठेवायला आपण रीतसर वाट काढली. मग कंपनीनंच त्या मॉडेलमध्ये विकलेल्या गिअरबॉक्ससाठी वाट का नसावी? २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेरीस पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग त्यात आहेत. हे पाऊल योग्यच. पण दुरुस्ती म्हणजे होतं तसं परत करणं. मला त्यापुढचा हक्क हवाय, तपासणीच्या अटीसह बदल करण्याचा.

तिसरं कुलूप : आपण

कंपनीशी आणि कायद्याशी भांडता येतं. सगळ्यात जुनं कुलूप मात्र आपल्या घरात आहे.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आठवा. खाकी शर्ट, हातात कानस, समोर व्हाइसमध्ये पकडलेली लोखंडी पट्टी. दोन तुकडे घासून एकमेकांत फटीशिवाय बसवायचे. संपूर्ण पदवीत हाताला लोखंड लागण्याचा बहुधा तो एकमेव प्रसंग. आणि आमच्याकडे सबमिशनच्या आठवड्यात काय चालायचं? मागच्या वर्षीचे घासलेले जॉब शंभर रुपयांना मिळायचे. नंबर मिटवला, नवा ठोकला, झालं. यावर कोणाला वाईटही वाटायचं नाही. कारण 'आपल्याला थोडंच फिटर व्हायचंय?' हे वाक्य मुलं घरूनच शिकून आलेली असत.

त्या वाक्याची मुळं कॉलेजपेक्षा खोल आहेत. लोहार, सुतार, तांबट यांच्या हातातल्या विद्येला आपल्या समाजानं कधी विद्या म्हटलंच नाही. ते त्यांचं 'काम', त्यांच्या जातीचं काम. विद्या म्हणजे पोथीतली, आणि पुढे मार्कशीटवरची. पोथीची जागा लॅपटॉपनं घेतली तरी उतरंड तीच राहिली. म्हणून मुलगा गाडीखाली झोपला की आईला त्याच्या पाठीची काळजी नंतर वाटते, 'लोक काय म्हणतील'ची आधी. बेळगावच्या सायकलच्या दुकानातून सुरुवात करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांचं नाव आपण भाषणात अभिमानानं घेतो. आपल्या पोरानं आज सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तर घरात सुतक पाळू.

गिअरबॉक्स आत सरकवायच्या आदल्या रात्री मी सांगलीतल्या आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींना व्हिडिओ कॉल केला होता. शिक्षण सातवी. ही गाडी त्यांनी आयुष्यात पाहिलेली नाही. मी कॅमेरा फ्लायव्हीलवर नेला. ते एवढंच म्हणाले, "पोरा, प्लेट बरोबर मधी हाय का ते आधी बघ. ती तसूभर सरकली असंल तर बाक्स आत जायाचा न्हाई, आन् तू उगा जोर लावत बसशील." कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हीच गोष्ट क्लच मध्यावर आणायच्या अवजाराच्या चित्रासह दिली आहे. माझ्याकडे पदवी होती, पुस्तक होतं, अवजार होतं. त्यांच्याकडे चाळीस वर्षांचे हात होते आणि ते त्याच जागी पोचले. तरी लग्नाच्या पंगतीत खुर्ची मला आधी मिळते. ते मला अजूनही 'इंजिनिअरसाहेब' म्हणतात, त्यात थोडी थट्टा असते, आणि ती मला पात्र आहे असं वाटत नाही म्हणून मी त्यांना दरवेळी अडवतो. ते ऐकत नाहीत.

'फायदा काय?' हा प्रश्न या उतरंडीचा पहारेकरी आहे. तो पैशाचं नाव घेतो आणि हात काळे होण्यापासून आपल्याला वाचवतो. तो विचारत विचारत आपण अशा पिढीपर्यंत आलोय जिच्या खिशात, घरात, पार्किंगमध्ये इतकी यंत्रं आहेत जितकी याआधी कोणाकडेच नव्हती, आणि त्यांतलं एकही उघडायची तिची हिंमत नाही. मग कंपनीनं झाकणाला कुलूप घातलं तरी आपल्याला कळत नाही. जे दार आपण कधी ढकललंच नाही, ते बंद झाल्याचं कळणार कसं?

"पण आता सगळं इलेक्ट्रिक होणार, गिअरच नसणार," असं कोणी म्हणेल. बरोबर. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन या इलेक्ट्रिक गाडीत तर सॉफ्टवेअर नसलेल्या आठ गिअरचं नाटक करतं, झटके आणि आवाजासकट. लोकांना ते आवडतंही. मला त्यात वावगं काही दिसत नाही. पण इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी असेल, ती एक दिवस थकेल. तेव्हा ती कोणी उघडायची, पर्यायी बॅटरी बसवायची की नाही, बसवली तर गाडी तिला ओळखेल की नाही, हे प्रश्न आजच्या क्लचपेक्षा कितीतरी महाग असणार आहेत. त्यांची उत्तरं आज ठरतायत आणि आपण गप्प आहोत.

म्हणून मागण्या सरळ आहेत. विकलेल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंगचे नकाशे मालकाला मिळालेच पाहिजेत. सॉफ्टवेअरच्या कुलपाची एक किल्ली मालकाकडे हवी. आणि आरटीओनं 'नाही' म्हणण्याऐवजी 'दाखव' म्हणायची सोय कायद्यात हवी. पुढची गाडी, स्कूटर किंवा फोन घेताना मायलेज आणि कॅमेऱ्यासोबत दुकानदाराला हेही विचारा : हे उघडता येतं का? याचे भाग बाहेर मिळतात का? बाहेरचा भाग बसवला तर हे चालेल का? चार ग्राहकांनी विचारलं तर दुकानदार खांदे उडवेल. चार लाखांनी विचारलं तर कंपनीला उत्तर शोधावं लागेल.

सगळ्यांनी गिअरबॉक्स बदलावा असं मी म्हणत नाही. घरातला मिक्सर बंद पडला असेल तर प्लग काढा, खालचे स्क्रू सोडवा आणि कार्बन ब्रश झिजलेत का बघा. ते कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात आणि हॉटेलातल्या चहापेक्षा फार महाग नसतात. तुम्ही स्वयंपाकघरात पाना घेऊन बसलात की कोणीतरी येऊन विचारेलच, "नवा घे की, यात फायदा काय?" मान वर न करता सांगा, "टॉर्च धर."